अठरा की वीस

बाबा बुटांना पॉलिश करत होते. खरं तर एवढंच झालं होतं. गुरुवारची संध्याकाळ होती, मी नुकताच दुकानातून आलो होतो, बेसिनपाशी उभा राहून नखांतलं काळं काढत होतो, आणि आरशात मागची खिडकी दिसत होती. खिडकीपाशी स्टुलावर बाबा. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर काळा नाडीचा बूट, आणि ब्रश टाचेवरून पुढे, पुढून टाचेकडे. ते बूट निवृत्तीच्या समारंभानंतर खोक्यातून बाहेर आल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या गाडीत बसताना बाबा चपला घालतात. दवाखान्यात जायचं, चपला. बँकेत जायचं, चपला. चौदा वर्षं मी या माणसाला गाडीतून नेतोय आणतोय, पण माझ्या गाडीसाठी त्यांना कधी मोजेसुद्धा शोधावेसे वाटले नाहीत. "कुठे निघालात?" मी विचारलं. "रविवारी," ते मान वर न करता म्हणाले, "सोन्या नेतोय ना. अकरा नंबरच्या मार्गावरून, पार वरच्या गावापर्यंत." आणि ब्रशवर फुंकर मारून त्यांनी दुसरा बूट घेतला. मी नळ बंद करायला विसरलो. बायको आतून ओरडली तेव्हा कळलं.

सोन्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षं त्रेचाळीस, पुढचे केस गेलेले, दवाखान्यांना तपासणीची मोठमोठी यंत्रं विकतो, तरी घरात सोन्याच. मला कुणी कधी टोपणनाव ठेवलं नाही. मी दादा. दादा हे काही नाव नव्हे, ती नोकरी आहे. आणि अकरा नंबर म्हणजे बाबांची बस. एकतीस वर्षं बाबांनी बस चालवली, त्यातली एकोणीस त्या एकाच मार्गावर, खालच्या डेपोपासून घाटाने वरच्या गावापर्यंत आणि परत. त्या एकतीस वर्षांनी त्यांना एक घड्याळ दिलं आणि कमरेतले दोन मणके झिजवून ठेवले. डॉक्टरने पट्टा दिलाय, आदळआपट नको म्हणून बजावलंय. मला हे सगळं पाठ आहे, कारण डॉक्टरसमोरच्या खुर्चीत दर वेळी मीच बसलेला असतो. आणि तरी, बाबांना एकदा त्यांच्या जुन्या रस्त्यावरून फिरवून आणावं, हे मला चौदा वर्षांत सुचलं नाही. सोन्याला सुचलं. त्याने गाडी घेतली आणि महिन्याभरात त्याला सुचलं. जळफळाट नेमका कशाचा झाला म्हणाल तर याचा. गाडीचा नाही. बरं, गाडीचाही.

गाडी त्याच दिवशी सकाळी दुकानात आली होती. मी चाकांच्या दुकानात आहे, बावीस वर्षं. भिंतभर रिमा टांगलेल्या, मागे टायर चढवायचं यंत्र, त्याच्या बाजूला चाकं तोलायचं बॅलन्सिंगचं यंत्र, आणि मधे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर मी. कुठल्या गाडीला कुठलं चाक चालेल ते मी सांगतो. लांबून लोक येतात, मला विचारतात, हे सांगायला लाज कसली. सोन्या आला तेव्हा गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला, आणि बॅलन्सिंगवाला हातातलं काम सोडून फाटकापर्यंत गेला. चार दारांची, करड्या रंगाची, बसकी. इंजिन असं की पाय नुसता ठेवला तरी पाठ सीटला चिकटावी. जुन्या मालकाने तिला कसली तरी स्वस्तातली चाकं लावली होती, एकाला तडा गेला होता, म्हणून चारही बदलायची होती. सोन्याने मला फोनवर एक फोटो दाखवला. अशीच गाडी, काळी, वीस इंची चाकांवर उभी. "कसली दिसते ना दादा?" मग लगेच फोन खिशात टाकला. "पण तू सांगशील ते. अठरा म्हण, वीस म्हण, मला त्यातलं काय कळतंय? तू बघ आणि कळव." किल्ली माझ्या हातात ठेवून तो रिक्षाने निघूनही गेला. एवढी गाडी, आणि वळून एकदा बघितलंही नाही. माझ्याकडे असती तर मी कोपऱ्यापर्यंत मागे बघत गेलो असतो.

आता अठरा की वीस, हे ज्याला रस्ता माहीत आहे त्याला विचारायची गरज नाही. चाकाचा बाहेरचा घेर वाढवता येत नाही. वाढवला तर ते मडगार्डला घासतं आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. म्हणून आतली रिम मोठी केली की वरचं रबर तेवढं पातळ करावं लागतं. वीस इंचाला उरतं ते रबर दोन बोटांचं. रबरात हवा असते, आणि गाडीत बसलेला माणूस शेवटी त्या हवेवरच बसलेला असतो. शिवाय मोठी रिम जड. जड चाक खड्ड्यात गेलं की शॉकअपला ते आवरत नाही, धक्का सरळ वर, सीटमधून कण्यात. बरं, वेगवान गाडीला तर हलकंच चाक हवं, सुटताना आणि थांबताना फरक कळतो. मग लहान का नको? तर या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, सतरा त्यांच्यावर चढतच नाही. अठरा चढतं का, ते बघावं लागतं. त्यासाठी मी शाळेतल्या मुलांची खेळायची रंगीत माती वापरतो. ब्रेकच्या फुगीर भागावर मातीचे गोळे चिकटवायचे, चाक चढवायचं, हाताने एक फेरा हळू फिरवायचं, परत काढायचं, आणि चेपलेली माती ब्लेडने कापून बघायची. जेवढी जाड उरली तेवढी जागा. गुरुवारी दुपारी जेवायच्याही आधी मी हे केलं. दोन किल्ल्या एकावर एक ठेवाव्यात एवढी माती उरली. म्हणजे अठरा. मजेत अठरा. मी स्वतःवर खूश होऊन डबा उघडला होता, संध्याकाळी सोन्याला फोन करून सांगणार होतो.

आणि संध्याकाळी ते बूट.

जेवताना बाबा माझ्या बायकोला मार्ग सांगत होते. कुठल्या वळणावर हॉर्न दोनदा द्यायचा, कुठल्या थांब्यावर एक शिक्षिका रोज उशिरा यायची आणि बाबा तिच्यासाठी काहीतरी तपासल्यासारखं करून एक मिनिट थांबायचे. ही शिक्षिका मी कधी ऐकली नव्हती. सोन्याला बहुतेक ठाऊक असेल. लहानपणी रविवारी बाबा आम्हा दोघांना डेपोत न्यायचे. बस धुऊन ओळीने उभ्या असायच्या, डिझेलचा आणि ओल्या जमिनीचा वास. बाबा सोन्याला मांडीवर घ्यायचे, स्टिअरिंगवर त्याचे हात ठेवायचे, तो भोंगा वाजवायचा, आणि ऑफिसातले लोक खिडकीतून हसायचे. माझ्या हातात हातोडी. "जा, टायर वाजवून ये," बाबा म्हणायचे. सहा टायर. प्रत्येकावर एक ठोका द्यायचा आणि कान द्यायचा; हवा बरोबर असेल तर आवाज उसळतो, कमी असेल तर बसतो. मी आठ वर्षांचा. मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरपर्यंत हात पुरत नसे, तेव्हा बसखाली सरकायचं. कपडे खराब झाले की आईची बोलणी मलाच. वरून भोंगा वाजत राहायचा. मी परत येऊन सांगायचो, डावीकडचा आतला मऊ आहे, आणि बाबा सोन्याला खाली उतरवून स्वतः बघायला न येता सरळ पंपवाल्याला हाक मारायचे. एकदा तरी येऊन बघावं, असं मला वाटायचं. माझं काम त्यांनी कधी बघितलंच नाही.

मोठेपणी बघू लागले, पण ते वेगळं. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीत बाबा एकदा बसतात. चालकाच्या बाजूच्या सीटवर, डोळे मिटून, तळवे मांड्यांवर. चौकाला एक फेरी. उतरताना एक वाक्य. "डावं पुढचं किंचित जड आहे." "ब्रेक दाबल्यावर उजवीकडे बघते." दर वेळी बरोबर, मेलं दर वेळी. पाठीवर थाप नाही, शाबास नाही, दोष तेवढा काढायचा आणि चपला ओढत घरात जायचं. आणि सोन्याने पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने गाडी घेतली, एक फुटकी, सायलेन्सर लटकलेली गाडी, तेव्हा बाबा तिच्यातून उतरून म्हणाले होते, "झकास!" मी तिथे उभा होतो. सायलेन्सर मीच बांधून दिला होता, तारेने.

"पोट दुखतंय का?" त्या रात्री बायकोने विचारलं. मी म्हटलं, नाही. "नाही, भावाची गाडी आल्यापासून कण्हताय, म्हणून विचारलं. गोळी देऊ?" ती हसली आणि कूस बदलली. तिला सगळं कळतं, आणि कळलं की ती हसते. मी छताकडे बघत पडलो आणि माझ्या मनात रविवार सुरू झाला. करडी गाडी घाटाला लागलेली. बाबा डोळे मिटून. वरच्या गावात उतरतात, आणि सोन्या शेपटी हलवत विचारतो, कशी वाटली बाबा? आणि बाबा म्हणतात, झकास. हे वाक्य मी उशीवर चार वेळा ऐकलं. मग पाचव्यांदा मी ते बदलून पाहिलं. बाबा उतरतात, कंबर धरतात, आणि म्हणतात, "आदळते रे. फार आदळते." सोन्याचं तोंड मला स्पष्ट दिसलं. इतकं बरं वाटलं की झोप लागली.

शुक्रवारी सकाळी मी अठराच म्हणणार होतो. देवाशपथ. रिमा काढून ठेवल्या होत्या. बॅलन्सिंगवाल्याने टायरही हुडकले होते. मग सोन्याचा फोन आला. "ठरलं का दादा?" मागे लिफ्टचा आवाज, कुणाशी तरी मध्येच हसणं. आणि मी म्हणालो, "वीस बसतील." खोटं नव्हतं. बसतात. "काय सांगतोस!" तो लहान मुलासारखा ओरडला. "मला वाटलं तू शिव्या घालशील. खरंच वीस?" मी म्हटलं, तुला आवडलीत ना. मागचा आवाज बंद झाला. लिफ्ट थांबली असावी. "पण दादा, बाबांच्या पाठीला चालतील ना? मुख्य तेवढ्यासाठीच चाललोय रे. नाहीतर दिसण्याचं काय." त्याने विचारलं, स्पष्ट विचारलं, आणि मला माझं काम बाहेरून कधी इतकं सोपं दिसलं नव्हतं. एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "चालतील."

बॅलन्सिंगवाल्याने भुवया वर केल्या. "अठराची माती बघितलीत ना तुम्ही?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला वीस हवीत. "गिऱ्हाईक कुठे, भाऊ ना तुमचा?" तो म्हणाला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि मग गंमत बघा, मी ते काम इतकं मन लावून केलं की बावीस वर्षांत तसं केलं नसेल. प्रत्येक चाक पुन्हा पुन्हा तोललं. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून कुठे घासत नाही ना, बॅटरीच्या उजेडात बघितलं. नट हाताने लावले, मग पान्याने समोरासमोरचे, थोडे थोडे. गाडी खाली उतरली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. काळी चाकं मडगार्डच्या कडेला बरोबर येऊन थांबलेली. कुणी चूक काढू शकलं नसतं. चूक होती ती फक्त आकड्यात, आणि आकडा माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हता. म्हणजे बाबांना येणार होता. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

रविवारी सकाळी बाबा आठला तयार होते. बूट, इस्त्रीचा शर्ट, शर्टाखाली पट्टा. सोन्याने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. मला म्हणाला, "दादा, तू मागे बस, तुझ्याशिवाय मजा नाही," आणि ते तो मनापासून म्हणत होता, हे त्याच्याबद्दल मला सगळ्यात असह्य होतं. मी मागे बसलो. माझ्या समोर बाबांची मान, पांढऱ्या केसांखालची ती खळी, कॉलर जरा सैल. शहराचा रस्ता गुळगुळीत होता आणि मला भीती वाटू लागली की काहीच होणार नाही. बाबांनी डोळे मिटले होते, तळवे मांड्यांवर. सोन्या मधूनमधून त्यांच्याकडे बघत होता. मग डेपो मागे पडला आणि सिमेंटचा रस्ता लागला, तुकड्यातुकड्यांचा, प्रत्येक सांध्याला एक ठोका. पहिल्या ठोक्याला बाबांची मान हलली. दुसऱ्याला त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि सीटची कड धरून बसला. मी त्या हाताकडे बघत होतो. आता कळलं त्यांना, मी मनात म्हटलं. आता कळलं. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. ओठ आतून चावावेत असा आनंद झाला.

घाटात तो आनंद गेला. पुढे रस्ता ठिगळांचा होता, पावसाने खाल्लेला, आणि सोन्या जपून चालवत असूनही धक्का चुकत नव्हता. बाबा बोलत होते. इथे शिक्षिका चढायची. इथे एकदा ब्रेक गेले होते, डोंगराला घासत नेली. पण प्रत्येक वाक्याच्या मध्ये कुठेतरी त्यांचा श्वास तुटत होता, आणि तो कुठे तुटेल ते मला आधी कळत होतं, कारण समोरचा खड्डा मला दिसत होता. सीटच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, बोला ना. सांगा त्याला थांब म्हणून. म्हणा आदळते. माझ्या बावीस वर्षांच्या कामात खोट काढलीत, प्रत्येक वेळी काढलीत, मग आज याच्या गाडीत दातखीळ का बसली? याच्यासाठी एवढं सोसायचं? मी कधी एवढं मागितलं का? म्हातारा कण्याने किंमत मोजत होता आणि मी मागे बसून त्याचाही हेवा करत होतो, की हे सोसणंसुद्धा सोन्याच्या वाट्याला गेलं.

वरच्या गावात जुन्या थांब्यापाशी गाडी थांबली. सोन्या धावत येऊन दार उघडून उभा राहिला. बाबांनी एक पाय बाहेर ठेवला, दुसरा ठेवला, आणि उठता येईना. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ते सरळ झाले नाहीत. कमरेतून वाकलेले, चकचकीत बुटांकडे बघत, तसेच राहिले. सोन्याचं तोंड उतरलं होतं. अगदी मी उशीवर पाहिलं होतं तसं. "बाबा, गाडी फार आदळली का? खरं सांगा. चाकांचं आहे का?" बाबांनी खालूनच विचारलं, "चाकं कुणी ठरवली?" सोन्या म्हणाला, "दादाने." मी गाडीच्या दाराला हात लावून उभा होतो. आता येणार, ते वाक्य. बाबांनी मान जरा वर केली. "मग झालं तर," ते म्हणाले. "मग चाकांचं नाही. पहिल्या ठोक्यालाच मला वाटलं होतं चाक मोठं आहे म्हणून. पण यानं ठरवलंय म्हणजे बरोबर असणार. माझी पाठच गेली रे. संपलं. कळत नाही आता मला काही."

सोन्या पाणी आणायला गेला. बाबांनी माझा खांदा धरला. त्यांच्या हाताला पॉलिशचा वास येत होता. "ऐक," ते हळू म्हणाले. "त्याला वाईट वाटेल, तू समजावून सांग. यापुढे मला गाडीत नको बसवू म्हणावं. आणि तुझ्या त्या दुकानातल्या गाड्या तपासायलाही मला नको बोलावू आता. मला चूक दिसायची ती माझ्याच मणक्यांची असायची बहुतेक. तुला उगाच बोलत आलो इतकी वर्षं." जे ऐकायला मी बसखाली सरकत होतो, मातीचे गोळे कापत होतो, ते मला एका दमात देऊन टाकलं होतं त्यांनी. ते ठेवायचं असेल तर फक्त गप्प राहायचं होतं. नाहीतर आत्ताच, सोन्या यायच्या आत, तीन शब्द, अठराच लागत होती, की बाबांची पाठ त्यांना परत, त्यांचा कान परत, आणि मी उघडा. सोन्या बाटली घेऊन परतताना दिसत होता. तो धावत होता, त्यामुळे फार वेळ नव्हता. मी म्हटलं, "पाणी प्या आधी."

परत येताना बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, पाय दुमडून, डोकं माझ्या मांडीवर. त्यांचं डोकं इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. सोन्या पायी चालल्यासारखी गाडी चालवत होता. मग आरशातून माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "दादा, नक्की पाठीचंच ना रे? चाकांचं नाही ना?" त्याच्या आवाजात दोष नव्हता, नुसती भीती होती. मी शब्द जुळवत होतो, देवाशपथ जुळवत होतो. त्याआधीच बाबा डोळे न उघडता म्हणाले, "त्याला काय विचारतोस पुन्हा पुन्हा? त्याचं कधी चुकलंय का?" ते ज्याच्याबद्दल बोलत होते त्या माणसाचा मला हेवा वाटला. सोन्याचा कधी वाटला नसेल इतका वाटला. सोन्याने मान हलवली आणि पुढे बघू लागला. ठिगळांचा रस्ता पुन्हा सुरू झाला. मी बाबांच्या डोक्याखाली दोन्ही तळवे सरकवले, आणि पुढच्या काचेतून रस्ता बघत, प्रत्येक खड्ड्याच्या जरा आधी ते थोडे वर उचलत राहिलो.